गीतेतले अडचणीचे श्लोक आणि दादरचा ‘बाईंचा क्लास’

गीता शिकवणारे मुंबईत गल्लोगल्ली आहेत, पण जो श्लोक वाचून आपण पटकन पान उलटतो तोच श्लोक फळ्यावर लिहून त्यावर दोन तास बोलणारं मला एवढं एकच ठिकाण सापडलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. दादर वेस्टला, स्टेशनपासून चालत दहाएक मिनिटांवर, एका जुन्या बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी १० ते १२ हा क्लास असतो. बोर्ड नाही, नाव नाही, सगळे ‘बाईंचा क्लास’ म्हणतात. बाई रिटायर्ड शिक्षिका, आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवलं. पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा का कापला ते पुढे सांगते.

मी तिथे का गेले तर मुलीमुळे. सातवीत आहे, शाळेच्या पाठांतर स्पर्धेला यंदा नववा अध्याय होता, आणि ३२व्या श्लोकाचा अर्थ वाचून ती मला म्हणाली, आई यात बायकांना पापयोनी म्हटलंय का गं? श्लोक असा आहे, ‘मां हि पार्थ व्यपाश्रित्य येऽपि स्युः पापयोनयः । स्त्रियो वैश्यास्तथा शूद्रास्तेऽपि यान्ति परां गतिम् ॥’ म्हणजे अर्जुना, माझा आश्रय घेतला की पापयोनी, म्हणजे पापी जन्माचे, स्त्रिया, वैश्य, शूद्र, तेसुद्धा परम गतीला जातात. मी लहानपणापासून म्हणत आलेय, पण तिला काय सांगू ते कळेना. आमच्या घराजवळ एका ठिकाणी सत्संग चालतो तिथे विचारलं, तर असे प्रश्न अहंकारातून येतात, आधी श्रद्धा ठेवा, असं उत्तर मिळालं, आणि तेही चारचौघांत. बारा वर्षाच्या पोरीच्या प्रश्नाला हे उत्तर असूच शकत नाही. मग ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने दादरचं सांगितलं.

क्लासची पद्धत साधी आहे. दाराशी एक स्टीलचा डबा ठेवलेला असतो, त्यात चिठ्ठी टाकायची, नाव लिहायचं नाही. बाई चिठ्ठ्या घरी नेतात आणि पुढच्या रविवारी त्यातला एक, फार तर दोन प्रश्न घेतात. आधी श्लोक पूर्ण म्हणायचा, मग मागचा आणि पुढचा श्लोक, मग हे बोलतंय कोण ते बघायचं, कारण गीतेत धृतराष्ट्र, संजय, अर्जुन आणि कृष्ण असे चार जण बोलतात आणि लोक अर्जुनाचं वाक्य बिनधास्त कृष्णाच्या तोंडी घालतात. त्यानंतर निदान दोन टीकाकार, म्हणजे गीतेवर भाष्य लिहिणारे, आणि त्यातला एक तरी दुसऱ्याशी न पटणारा. सगळ्यात शेवटी ‘आता हे माझं मत’ असं स्पष्ट सांगून बाई स्वतःचं बोलतात. टीकाकाराचं मत कुठे संपलं आणि त्यांचं कुठे सुरू झालं याबद्दल कधीच शंका राहत नाही, आणि हे मला फार मोलाचं वाटतं.

मी गेल्यानंतर लवकरच एका रविवारी निघालेली चिठ्ठी अशी होती, ‘माझे वडील श्रावणात गेले. तेराव्याला नातेवाईक म्हणाले दक्षिणायनात गेले, त्यांना गती नाही. हे गीतेत आहे का?’ हॉलमध्ये एकदम शांतता. बाईंनी आधी सांगितलं, हो, आठव्या अध्यायात २४ आणि २५व्या श्लोकात दोन वाटा सांगितल्यात, उत्तरायणाची आणि दक्षिणायनाची, पहिलीने जाणारा परत येत नाही, दुसरीने जाणारा परत येतो. आणि लगेच बोट ठेवलं ते २५व्या श्लोकातल्या ‘योगी’ या शब्दावर, की दक्षिणायनाच्या वाटेने जाणाऱ्यालाही श्लोक योगीच म्हणतो, तो चंद्राच्या ज्योतीपर्यंत जातो आणि परत जन्माला येतो, इथे नरकाचं नाव नाही की शिक्षेचं नाव नाही, मग ‘गती नाही’ हे तुमच्या नातेवाइकांनी आणलं कुठून? या दोन वाटा गीतेच्याही आधी छांदोग्य उपनिषदाच्या पाचव्या अध्यायात आहेत, देवयान आणि पितृयान. शंकराचार्य म्हणतात अग्नी, दिवस, शुक्लपक्ष, उत्तरायण हे कॅलेंडरवरचे दिवस नाहीत, त्या त्या टप्प्यावर वाट दाखवणाऱ्या देवता आहेत. ब्रह्मसूत्रात, म्हणजे उपनिषदांचा विचार सूत्रांत मांडणाऱ्या ग्रंथात, तर यावर वेगळं सूत्रच आहे, चौथ्या अध्यायात, ‘अतश्चायनेऽपि दक्षिणे’, म्हणजे ज्ञानी माणूस दक्षिणायनात गेला तरी त्याच्या फळात फरक पडत नाही.

मग मागून कोणीतरी विचारलंच, की तसं असेल तर भीष्म बाणांच्या शय्येवर उत्तरायणाची वाट बघत का पडून राहिले? याचंही उत्तर त्याच सूत्राच्या भाष्यात शंकराचार्यांनी देऊन ठेवलंय हे मला अजिबात माहीत नव्हतं, ते म्हणतात भीष्मांनी लोकाचार पाळला आणि वडिलांनी दिलेलं इच्छामरणाचं वरदान खरं आहे हे दाखवलं. शेवटी बाईंनी २७वा श्लोक म्हटला, या दोन वाटा ओळखणारा योगी गोंधळत नाही, म्हणून अर्जुना सगळ्या काळात योगयुक्त हो, आणि त्यावरची ज्ञानेश्वरी काढली, ‘देह जावो अथवा राहो, आम्ही तों केवळ वस्तूचि आहों’, इथे वस्तू म्हणजे ब्रह्म. भिंतीपाशी बसलेल्या एक ताई पदराने डोळे पुसत होत्या. चिठ्ठी त्यांचीच होती की नाही ते कोणी विचारलं नाही, बाईंनीही तिकडे बघायचं टाळलं आणि पाणी प्यायला उठल्या.

मुलीचा प्रश्न दोन रविवार चालला. इथे बाईंनी जे केलं त्यासाठी मी हा रिव्ह्यू लिहितेय असं म्हटलं तरी चालेल. सोपं उत्तर त्यांच्याकडे होतं, की पापयोनी हा वेगळा गट धरा, स्त्रिया-वैश्य-शूद्र वेगळे धरा, झालं. बरेच जण असंच सांगून मोकळे होतात. बाईंनी आधी शंकराचार्यांचं भाष्य वाचलं, त्यात सरळ ‘ते पापयोनी कोण?’ असा प्रश्न करून उत्तर दिलंय, स्त्रिया, वैश्य आणि शूद्र. म्हणजे मुलीने वाचलेला अर्थ कोणी नंतर घुसवलेला नाही, सगळ्यात जुनी टीका जी आज आपल्या हातात आहे तिच्यातच तो आहे. मग टिळकांचं गीतारहस्य, मंडालेच्या तुरुंगात लिहिलेलं आणि १९१५ साली छापून आलेलं, त्यात ते पापयोनी वेगळे धरतात, पण तो शब्द ज्यांना लावतात ते इंग्रज सरकारने गुन्हेगार ठरवलेल्या जमाती, म्हणजे एका ठिकाणची अडचण दुसरीकडे सरकली, हे बाईंनी तसंच बोलून दाखवलं. वेगळा गट धरणाऱ्यांचा सगळ्यात जोरदार मुद्दा म्हणजे छांदोग्यात ब्राह्मण, क्षत्रिय आणि वैश्य या तिन्ही योनी चांगल्या कर्माचं फळ म्हणून सांगितल्यात, मग इथे वैश्य पापयोनी कसे होतील? मुद्दा पटतो, पण त्याच वाक्यात पुढे वाईट कर्माचं फळ म्हणून कुत्रा, डुक्कर आणि चांडाळ एका ओळीत बसवलेत. बाईंनी तेही वाचलं. गाळलं असतं तर आमच्यापैकी कोणाला कळलंही नसतं.

आणि मग ३३वा श्लोक, ‘मग पुण्यवान ब्राह्मणांचं आणि राजर्षींचं काय सांगावं’. बाई म्हणाल्या, बघा, ‘तेसुद्धा’ आणि ‘मग यांचं तर काय’ या दोन बोलण्यांत वर-खाली आहेच, गटांची विभागणी कशीही करा ती जात नाही. दार सगळ्यांना उघडलंय हे खरं आणि त्या काळात ते मोठं होतं, पण उघडताना रांग लावलीय हेही खरं, तुम्हाला ती खटकते आणि खटकलीच पाहिजे. मग ज्ञानेश्वरांची ओवी, ‘तैसे क्षत्री वैश्य स्त्रिया । कां शूद्र अंत्यादि इया । जाती तंवचि वेगळालिया । जंव न पवती मातें ॥’ यात त्यांनी दाखवलेली गोष्ट मी घरी येऊन मुलीला लगेच दाखवली, ज्ञानेश्वरांनी क्षत्रियांनाही त्याच यादीत आणून बसवलंय, श्लोकात वरच्या बाजूला होते ते इथे सगळ्यांबरोबर आले, आणि जाती वेगळ्या असतात त्या फक्त देवापर्यंत पोचेपर्यंत. शके १२१२ मध्ये नेवाशाला, ज्यांना स्वतःला संन्याशाची पोरं म्हणून बाहेर ठेवलं होतं त्यांनी हे लिहिलंय. मुलगी म्हणाली, मग मी श्लोक म्हणते पण ही ओवी पण म्हणणार. स्पर्धेत ओवीला मार्क नव्हते, तरी म्हटली.

चातुर्वर्ण्याचा श्लोक, चौथ्या अध्यायातला १३वा, निघाला तेव्हा मात्र हॉल तापला होता. चार वर्ण मी ‘गुणकर्मविभागशः’, गुण आणि कर्मांच्या विभागणीने, निर्माण केले असं कृष्णाने म्हटलंय म्हणजे जन्माने नाही, हे आपण सगळे ऐकून असतो. नायगावहून एक काका येतात, त्यांनी उठून विचारलं की मग अठराव्या अध्यायात प्रत्येकाची कर्मं स्वभावातूनच येतात असं सांगून पुढे ‘श्रेयान्स्वधर्मो विगुणः’ कशाला? बदलता येत असेल तर दुसऱ्याचा धर्म चांगला जमला तरी घेऊ नको असं कशासाठी सांगायचं? बाबासाहेबांची टीका हीच आहे, की गीतेने चातुर्वर्ण्याला गुणांच्या सिद्धांताचा तात्त्विक आधार पुरवला. बाईंनी ती टीका पुढच्या वेळी स्वतः वाचून आणली, नीट मांडली, अर्ध्यात तोडली नाही. त्यांचं स्वतःचं मत थोडं वेगळं आहे, त्या कर्मयोगाचा भाग आणि वर्णाचा भाग सुटा करून बघतात. काकांना ते पटलं नाही, अजून पटलेलं नाही, आणि काका दर रविवारी पहिल्या रांगेत असतात.

बाकी नेहमीचे प्रश्न पटपट होतात. रणांगणात ७०० श्लोक सांगायला वेळ कुठून आला, हा तर दर महिन्याला कोणीतरी विचारतंच. बाई सांगतात की महाभारतात भीष्मपर्वात संजय आधी भीष्म पडल्याची बातमी घेऊन धृतराष्ट्राकडे येतो, म्हणजे युद्धाचे दहा दिवस होऊन गेलेत, आणि मग तो मागचं सगळं सांगायला बसतो, त्यात गीता येते, तेव्हा आपल्या हातात आहे तो संजयाने श्लोकात सांगितलेला वृत्तांत, घड्याळ लावून मोजायची गोष्ट नाही. आत्मा मरत नाही तर मग खून गुन्हा कसा, यावर टिळक आणि गांधीजी दोघांना समोरासमोर ठेवलं, गांधीजी कुरुक्षेत्र माणसाच्या आत बघतात, टिळक ते बाहेरच ठेवतात. विनोबांचं पण बरंच येतं. धुळ्याच्या जेलमध्ये १९३२ साली त्यांची गीतेवरची प्रवचनं रविवारीच व्हायची आणि साने गुरुजी ती लिहून घ्यायचे, हे सांगताना बाईंचा चेहरा बघण्यासारखा असतो.

आता अर्धा स्टार. हॉलमध्ये दोनच पंखे, मे महिन्यात बसवत नाही. माइक नाही, बाईंचा आवाज बारीक, मागे बसलात तर रस्त्यावरच्या हॉर्नमध्ये निम्मं जातं, माइक घ्या म्हणून आम्ही कितीदा सांगितलं पण त्यांना आवडत नाही. लिफ्ट नाही आणि जिना अरुंद आहे, गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी विचार करून या. नोट्सची झेरॉक्स फार बारीक टायपात असते, माझ्या सासूबाईंना भिंग लावूनही वाचता आली नाही, फोटो काढून मोठं करून वाचावं लागतं. व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यावर क्लासच्या सूचना कमी आणि सुप्रभात जास्त, म्यूट करून ठेवा. आणि चिठ्ठीचा नंबर लागायला खूप वेळ जातो, घाईचा प्रश्न असेल तर क्लास संपल्यावर बाई खाली उतरेपर्यंत गाठा, तेव्हा त्या नक्की बोलतात.

फी म्हणून काही नाही, महिन्याला १०० रुपये हॉल आणि चहासाठी. संस्कृत येत नसलं तरी अडत नाही, प्रत्येक श्लोक फोड करून सांगतात. ज्यांना गीता पहिल्यापासून ओळीने शिकायचीय त्यांनी दुसरा क्लास बघा, इथे अध्याय सलग होत नाहीत. ज्यांना गीतेवर टीका ऐकली की राग येतो त्यांना पहिले काही रविवार जड जातील, ज्यांना गीतेबद्दल चांगलं ऐकलं की राग येतो त्यांनाही जातील. कॉलेजची मुलं मात्र आवर्जून पाठवा. एका मुलाने बाईंनाच पकडलं होतं, वर्णसंकराची, म्हणजे वर्णांची सरमिसळ होण्याची, भीती पहिल्या अध्यायात अर्जुन बोलतो म्हणून तुम्ही बाजूला ठेवली पण तिसऱ्या अध्यायात २४व्या श्लोकात कृष्णही ‘संकरस्य च कर्ता स्याम्’, मी संकराला कारण होईन, असं म्हणतोच की. बाई म्हणाल्या, बरोबर पकडलंस, आणि पुढचा अख्खा रविवार त्यावर दिला. काही जण तिथे संकर म्हणजे नुसता गोंधळ असं म्हणतात पण जुना वाचक तो वर्णांचाच घेणार, हेही सांगितलं.

सेंट्रलवाल्यांनी जाताना लक्ष ठेवा, मेगाब्लॉक असला की बारानंतर माटुंग्यापुढे गाड्यांचा भरवसा नसतो, मी सरळ बसने जाते. चपलांना बाहेर जागा नाही, एक पिशवी घेऊन या. दिवाळीनंतर अठरावा अध्याय चिठ्ठ्यांसाठी उघडतायत, ‘सर्वधर्मान्परित्यज्य’, म्हणजे सगळे धर्म सोडून मला शरण ये, या श्लोकावर आत्ताच डबा अर्धा भरलाय, तेव्हा तुमचा प्रश्न त्यावर असेल तर येत्या रविवारीच टाकून या.