पोटातल्या जीवासाठी: कायदा की आधार?

म्हापशात आमच्या शेजारी एक ख्रिस्ती मावशी राहतात. 25 मार्चला, येशू पोटी येणार असा देवदूताचा निरोप मरियेला मिळाल्याच्या सणादिवशी, त्या न जन्मलेल्या बाळांसाठी मेणबत्ती लावतात. हा जीव जपायचा कसा, यावर आमचा वाद ठरलेला.

एक वाट कायद्याची. गर्भधारणेच्या क्षणापासून जीव जपायचा, ही कॅथलिक शिकवण. आपला गर्भपाताचा कायदा 1971 चा. 2021 च्या दुरुस्तीने काही गटांतल्या स्त्रियांसाठी गर्भपाताची मुदत 24 आठवड्यांवर नेली. चर्चला ते पटणं शक्यच नाही. भूमिका सरळ आहे, पण घरी सांगायला घाबरलेल्या पोरीच्या हातात त्यातून काय पडतं?

दुसरी वाट आईपाशी जाते, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. मदर तेरेसांनी 1979 च्या नोबेल भाषणात गर्भपाताला दत्तकाचं उत्तर दिलं होतं. आजही बाळ सांभाळणं जमत नसेल तर बाल कल्याण समितीपुढे ते सोपवता येतं, आणि फेरविचाराला 60 दिवस मिळतात. हे त्या पोरीला वेळेवर सांगणार कोण? (प्रवचनात तर मी कधी ऐकलं नाही.)

मावशींना दोन्ही वाटा हव्यात. माझं म्हणणं, दुसरी आधी. परवा वाद अर्ध्यावर टाकून त्या उठल्या, डब्यात पेज भरली, वर लोणच्याची फोड ठेवली. वरच्या आळीतल्या सात महिन्यांच्या गरोदर सुनेला द्यायची होती.