ट्रेलर ओढणाऱ्या ऑटोमॅटिक पिकअपला जादा गिअरबॉक्स कूलर: ८ महिन्यांच्या वापरानंतर

गिअरबॉक्सचं तेल गार करायला आम्ही जादा कूलर बसवला. गाडी टॉर्क कन्व्हर्टरची (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सकडं नेणारा भाग), ६ गिअरची डिझेल पिकअप. मागं चाकांवरचा जनरेटर, ट्रेलर धरून साधारण १२०० किलो. वाट बहुतेक वेळा बेळगाव, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट. आणि खरी परीक्षा गोव्याकडून केरीहून भरल्या ट्रेलरनं वर येताना. त्या चढावर स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे दाखवणारं यंत्र) गिअरबॉक्सचं तेल आधी ११८ अंशांपर्यंत जायचं, आता ९८ ते १०२ वर थांबतं. सपाट हायवेवर फरक जेमतेम ५-६ अंश. घाट चढायचाच नसेल तर हा खर्च करू नका.

घाटात वेग पडला की कन्व्हर्टरचं लॉकअप (आतली थेट जोडणी) सुटतं आणि इंजिनाची बरीच ताकद तेल घुसळण्यात जाते. कंपनीचा कूलर रेडिएटरच्या टाकीत बसलेला. तिथलं पाणीच ९० अंशांच्या आसपास, मग तेल त्याखाली उतरणार कसं? १२० च्या पुढं तेल झपाट्यानं काळवंडतं आणि सील कडक होतात.

कूलर प्लेटवाला (सपाट प्लेट एकावर एक रचलेला) घ्या; नळी-पत्रीवाला (नळीवर पत्र्या बसवलेला) स्वस्त पडतो, पण तेवढ्याच जागेत कमी उष्णता काढतो. तेलाचा क्रम असा हवा: गिअरबॉक्स, रेडिएटर, नवा कूलर, परत गिअरबॉक्स. थंड गाडी सुरू करून रेडिएटरच्या दोन्ही पाइपांना हात लावा. आधी तापतो तो गिअरबॉक्समधून येणारा, दुसरा परतीचा. कूलर परतीच्याच पाइपवर जोडायचा. जोडण्या वर किंवा बाजूला ठेवा. खाली तोंड केलं तर आत हवा अडकते.

काम बिघडतं ते होजमध्ये, म्हणजे लवचिक रबरी पाइपात. पेट्रोलचा किंवा हीटरचा पाइप इथं अजिबात चालत नाही, इतक्या गरम तेलात तो टिकत नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिक होज मापात कापून, फिटिंग दाबून मिळतो, पण साधा होज बहुधा १०० अंशांचाच असतो. १५० अंशांचा मागून घ्या. धातूचा पाइप कापून त्यावर नुसता होज चढवला आणि क्लॅम्प आवळला तर दाबाखाली तो निसटतो. पाइपचं टोक आधी किंचित फुगवून घ्यावं लागतं. आमच्या गाडीत पहिल्या गॅरेजनं हेच टाळलं होतं आणि तिसऱ्या आठवड्यात जोडातून तेल पाझरू लागलं. हा जोड घाटात सुटला तर काही मिनिटांत गिअरबॉक्स कोरडा पडतो, म्हणून इथं पैसे वाचवू नका.

कूलर एसीच्या कंडेन्सरपुढं (गाडीच्या तोंडाशी असलेली एसीची जाळी), मध्ये १५ ते २० मिलिमीटर जागा सोडून, लोखंडी पट्टी आणि रबरी बुश लावून बसवा. जाळीतून आरपार जाणाऱ्या प्लॅस्टिकच्या टायवर लटकवू नका; थरथरीनं कंडेन्सरला भोक पडतं. कूलर आणि होज मिळून सुमारे अर्धा लिटर तेल जादा लागतं. पातळी मॅन्युअलात सांगितलेल्या तापमानालाच तपासा आणि तेल त्याच ग्रेडचं भरा. थंड्या तेलावर अंदाजानं भरलं तर पातळी हमखास चुकते.

तोटेही आहेत. शहरात गाडी उभी असताना एसी थोडा कमी गार करतो. वॉरंटी चालू असेल तर आधी कंपनीकडून लेखी विचारून घ्या. ट्रेलर ओढण्याची मर्यादाही यानं एक किलोनं वाढत नाही. उतरणीवर तर कूलर कामाचाच नाही. तिथं मॅन्युअल मोडमध्ये खालचा गिअर धरून इंजिनाचाच ब्रेक घ्यावा लागतो. चढावरही खालचा गिअर धरला तर लॉकअप लवकर लागतं आणि तापमान लगेच उतरतं.

ऊसतोडीच्या हंगामात रस्त्यावरचं पाचट आणि धूळ जाळीत बसते, पावसाळ्यात जांबोटीकडचा लाल चिखल. महिन्यातून एकदा साध्या पाइपानं, मागून पुढं पाणी सोडून धुवा. प्रेशरवॉशर मारला की पत्र्या वाकतात आणि वारा अडतो. धुताना होज बंपरच्या पट्टीला कुठं घासतोय का, तेही बघा. आमच्याकडं सहाव्या महिन्यात वरचं रबर झिजलेलं दिसलं, तिथं आता जुन्या होजचा तुकडा चिरून गुंडाळला आहे.