५एफ१ चॅम्पचं किट: ट्रान्सफॉर्मर झकास, कागद रद्दी

चार महिने ज्या खोक्यावरून घरात माझी टिंगल चालली होती ते एकदाचं गिटारचा आवाज काढायला लागलंय, म्हणून हा रिव्ह्यू. वस्तू म्हणजे घरी जोडायचं ५एफ१ चॅम्प ह्या गिटार अँपचं किट, बाहेरच्या एका छोट्या कंपनीचं. नाव घेत नाही, कारण खाली थोड्या शिव्या आहेत.

चॅम्प म्हणजे फेंडर ह्या अमेरिकन गिटार कंपनीचा १९५०च्या दशकातला सगळ्यात लहान अँप, शिकणाऱ्या पोरांसाठी काढलेला. तीन व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओत असायच्या त्या काचेच्या नळ्या) आणि आवाजाचं एक बटण. १२एएक्स७, ज्याला आपले जुने रेडिओवाले ईसीसी८३ म्हणतात, तो सिग्नल दोनदा वाढवतो, ६व्ही६ स्पीकर हलवतो, ५वाय३ एसीचं डीसी करतो, संपलं. पाचेक वॉट पॉवर, आठ इंची स्पीकर, टोनचं बटण सुद्धा नाही. पहिल्यांदा अँप बांधणारे बरेच जण ह्याच्यापासूनच सुरुवात करतात, कारण चुकायला जागाच कमी. असं मला वाटलं होतं.

मला कस्टम्स धरून ३४ हजार पडले, स्पीकर आणि खोकं वेगळं. पार्सल उघडल्यावर मात्र जीव खूश झाला. चॅसिस (आतला पत्र्याचा सांगाडा) जाड, भोकं सगळी बरोबर जागी, आणि दोन्ही ट्रान्सफॉर्मर बघत बसावेत असे, आउटपुटवाला (स्पीकरला जोडायचा) तर हातात घेतल्यावरच कळतं की पैसे कुठे गेले. आता वाईट बातमी, मॅन्युअल म्हणून दोन घडीचे कागद, त्यातला एक सर्किटचा नकाशा आणि दुसऱ्यावर फोटो, तोही असा काळपट की हिरवी वायर कुठली आणि निळी कुठली हे ओळखायला मी मोबाईलचा टॉर्च लावून बसलो होतो. सुट्या पार्टची यादी छापलीये पण रेझिस्टरचे रंग (ज्यावरून तो किती ओहमचा ते कळतं) दिलेले नाहीत, म्हणजे मल्टिमीटर घेऊन एकेक मोजा.

जोडायला मला सहा रविवार लागले. सोल्डरिंग येत असेल तर बोर्ड एका दिवसात होतो, पण चॅसिसला अर्थिंगचा डाग द्यायला माझी २५ वॉटची सोल्डरिंगची इस्त्री काही पुरेना, जाड पत्रा सगळी उष्णता खाऊन टाकतो आणि कथील नुसतं वर गोळा होऊन बसतं. दोनदा ड्राय सोल्डर (वरवर चिकटलेला कच्चा डाग) झाल्यावर घरी वायरिंग केलेल्या दादांची मोठी इस्त्री आणली. ते म्हणाले, "सर, सिरीज बोर्डाशिवाय चालू करू नका हां, नाहीतर मला बोलवावं लागेल." बरोबर होतं त्यांचं. सिरीज बोर्ड म्हणजे मेनच्या फेजमध्ये ६० वॉटचा जुना तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावायचा, अँप चालू केल्यावर बल्ब जरा उजळून मंद झाला तर ठीक, भगभगीत पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद. हल्ली सगळीकडे एलईडी झाल्यामुळे तो बल्ब शोधायलाच अर्धा दिवस गेला ते सोडा.

आणि हे गमतीत घेऊ नका, आत साडेतीनशे व्होल्टच्या वर डीसी असतं आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये राहतं. किटमध्ये ते रिकामं करायची काही सोयच नाही! मी पहिल्या कपॅसिटरवर २२० किलोओहमचा २ वॉटचा रेझिस्टर कायमचा टाकला, अर्ध्या मिनिटात बहुतेक सगळं उतरतं, तरीही हात घालायच्या आधी मीटरने बघायचंच. आणखी एक, स्पीकर जोडल्याशिवाय अँप चालवायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. हे दोन्ही त्या कागदावर मोठ्या अक्षरात असायला हवं होतं, बारीक अक्षरातही नाहीये.

बल्ब मंद झाला, व्हॉल्व्ह लाल झाले, मी गिटार लावली आणि कुकरच्या शिट्टीसारखी किंचाळी सुरू, व्हॉल्यूम शून्यावर असताना! बायको हॉलमधून पळत आली. कारण नंतर कळलं. स्पीकरकडून थोडा सिग्नल २२ किलोओहमच्या रेझिस्टरमधून मागे दुसऱ्या स्टेजच्या (सिग्नल दुसऱ्यांदा वाढवणाऱ्या भागाच्या) कॅथोडला, म्हणजे व्हॉल्व्हमधल्या इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागाला जातो, निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात, आवाज जरा साफ ठेवायला असतो. ट्रान्सफॉर्मरच्या वायरी उलट्या लागल्या की तोच पॉझिटिव्ह होतो आणि अँप स्वतःच बोंबलायला लागतो. स्पीकरच्या बाजूच्या दोन वायरी अदलाबदल केल्या, पाच मिनिटांत गप्प. कंपनीला मेल केला होता त्याचं उत्तर तीन दिवसांनी आलं, एका ओळीचं, "वायरी बदलून बघा". अरे मग कागदावर लिहा ना.

ह्याच्यापुढचा भाग आपल्याकडच्या लोकांसाठी जास्त महत्त्वाचा. किटचा ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचा, आणि आमच्या गल्लीत रात्री दहानंतर मीटर २४४ दाखवतं. म्हणजे आतलं प्रत्येक व्होल्टेज सहा टक्के वर. ६व्ही६च्या प्लेटला (इलेक्ट्रॉन गोळा करणारा भाग) ३७२ व्होल्ट आले, कॅथोडला २१.६. कॅथोडचा रेझिस्टर ४७० ओहमचा, म्हणजे साधारण ४६ मिलिअँप, त्यातले तीनेक स्क्रीनचे (व्हॉल्व्हमधल्या एका जाळीचे) वजा केले तरी प्लेटवर १५ वॉटची उष्णता. ६व्ही६ची जुन्या डेटाशीटमधली मर्यादा १२, नंतरच्या हिशोबाने १४. व्हॉल्व्ह लगेच मरत नाही, पण रोज जरा जरा मरतो. तापल्या तापल्या आवाज मस्त येतो त्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही. पुण्याच्या तापकीर गल्लीत ६८० ओहमचा ५ वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर चहाच्या पैशात मिळाला, तो टाकल्यावर प्लेटला ३८०, कॅथोडला २५, आणि उष्णता बाराच्या आसपास. पण थांबा, कॅथोडच्या बायपासला (त्याच रेझिस्टरला समांतर) किटवाल्यांनी दिलेला कपॅसिटरच २५ व्होल्टचा, बरोबर काठावर! तो पण ५० व्होल्टचा टाकला. फिलामेंटला (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेला) ६.३ व्होल्टऐवजी ६.७ मिळतायत, दहा टक्क्यांच्या आत आहे म्हणून सोडून दिलं.

मग हम. गिटार न लावता सुद्धा घुंऽऽ असा आवाज, रात्री शांत झालं की डोकं उठवणारा. इथे एक युक्ती सांगतो जी मला फार उपयोगी पडली. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे फिलामेंटच्या वायरीतून येणारा हम ५०चा आणि डीसी नीट गाळलं गेलं नाही तर येणारा १००चा. गिटारच्या सगळ्यात जाड तारेवर तिसरा पडदा दाबला की ९८ हर्ट्झचा जी वाजतो. हम त्याच्याशी जवळजवळ जुळला तर फिल्टर कपॅसिटर बघा, त्याच्या एक सप्तक खाली असेल तर फिलामेंट बघा. माझा खालचा निघाला. किटमध्ये जुन्या नकाशाप्रमाणे फिलामेंटची एक बाजू सरळ अर्थला जोडलेली. ती काढली, दोन्ही बाजूंना १००-१०० ओहम लावून त्यांचा मधला बिंदू ६व्ही६च्या कॅथोडला नेला, म्हणजे अख्खं फिलामेंट २५ व्होल्ट वर उचललं गेलं, आणि वायरींना नीट पीळ देऊन चॅसिसच्या कोपऱ्यातून फिरवल्या. हम गेला असं म्हणणार नाही, असल्या एकाच पॉवर व्हॉल्व्हच्या अँपमध्ये तो थोडा राहतोच, पण आता कान स्पीकरला लावावा लागतो. इन्व्हर्टरवर मात्र लावू नका, आमचा साधा स्क्वेअर वेव्हवाला आहे, त्याच्यावर भुंग्यांचं पोळं ऐकू येतं.

टोनसाठी केलेले उद्योग थोडक्यात. दोन स्टेजमधला आणि पॉवरच्या आधीचा असे दोन ०.०२२ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर आहेत, पहिला ०.०१चा केल्यावर हंबकरवर (दोन कॉइलच्या गिटार पिकअपवर) खालचा पचपचीतपणा गेला. फीडबॅकच्या वायरीत एक स्विच टाकला, बंद केला की आवाज रांगडा होतो. १२एएक्स७च्या जागी मित्राकडचा १२एवाय७ लावून पाहिला, त्याची वाढवायची ताकद निम्म्याहून कमी, साफ वाजवणाऱ्यांना आवडेल, मला मिळमिळीत वाटला, परत केला.

खोकं सुताराने पॅकिंगच्या पाईनचं केलं, भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणलेलं. वरून मांजरपाट चिकटवून लाखेच्या पॉलिशचे चार हात मारले, रंग अगदी जुन्या फेंडरसारखा पिवळट आला आणि ह्या सगळ्या प्रकरणात बायकोला आवडलेली ही एकमेव गोष्ट.

आवाजाबद्दल काय सांगू, बटण बारापर्यंत जातं, चारपर्यंत गोड घंटेसारखा, सातच्या पुढे हात जोरात मारला की फाटतो आणि हलका केला की लगेच साफ होतो, हे माझ्या दहा हजारांच्या मॉडेलिंग (दुसऱ्या अँपांची डिजिटल नक्कल करणाऱ्या) अँपला कधी जमलं नाही. पाच वॉट म्हणून हसू नका, सातवर दरवाजा लावून सुद्धा खालच्या मजल्यावर ऐकू जातं, विचारा मला. पण स्टेजवर ड्रमरसोबत साफ आवाज हवा असेल तर हा पुरणार नाही, आणि बँडला नेणार असाल तर घेऊच नका.

किटला ५ पैकी ३. ट्रान्सफॉर्मरला ५, कागदाला शून्य. रेझिस्टर, कपॅसिटर, पॉट (बटणाखालचा फिरता रेझिस्टर), जॅक हे सगळं मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा तापकीर गल्लीत मिळतं, त्याच्यासाठी परदेशी किंमत आणि ड्युटी भरायची गरज नाही. ८ पिनच्या रिलेचा बेस सुद्धा व्हॉल्व्हच्या ऑक्टल सॉकेटमध्ये बसणाराच असतो, पण रिलेची प्लास्टिकची सॉकेटं ६व्ही६च्या गरमीला लावू नका, सिरॅमिकची घ्या. इथे चांगले मिळाले नाहीत ते फक्त ट्रान्सफॉर्मर. दोन ठिकाणी गुंडाळून देतो म्हणाले, एकाने मला थेट स्टॅबिलायझरचा दाखवला.

आता धाकट्या भावाला पण एक हवाय. ह्या वेळी त्याच कंपनीला मेल टाकलाय, फक्त दोन ट्रान्सफॉर्मर पाठवा, आणि जमलं तर २४० व्होल्टचा टॅप (त्या व्होल्टेजसाठी काढलेली वेगळी वायर) असलेला. तीन दिवस झाले, एका ओळीची वाट बघतोय.