गाडीच्या स्कॅनरवरचा बिघाडाचा कोड दाखवून माझे ३७,६०० रुपये काढले. घरी गाडीचे काम करणाऱ्यांनी अवश्य वाचावे

मे महिन्यात नाशिकमधल्या एका खासगी गॅरेजने माझ्या २०१५ च्या डिझेल गाडीचा ईसीएम, म्हणजे इंजिनचा संगणक, आणि एक सेन्सर बदलल्याचे सांगून माझ्याकडून ३७,६०० रुपये घेतले. प्रत्यक्षात त्यांनी एक निसटलेला कपलर, म्हणजे तारा जोडणारा प्लग, दाबून बसवला, स्कॅनरवरून बिघाडाचे कोड पुसले आणि गाडी परत दिली. हे लिहायला मला इतके दिवस लागले, कारण तो कपलर माझ्याच हातून नीट बसला नव्हता आणि ते चारचौघांत कबूल करण्याची लाज वाटत होती.

मला गाडीतले काही कळत नाही, असे कोणी समजू नये. ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड ही कामे मी गेली आठ वर्षे घरीच करतो आणि आजवर एकदाही अडचण आली नाही. त्या शनिवारी मी ३५० रुपयांचा नवा एअर फिल्टर बसवला आणि ४८० रुपयांचा स्प्रे आणून आत जाणारी हवा मोजणारा मॅफ सेन्सर साफ केला. त्यासाठी कपलर काढावा लागतो, तो मी काढला, आणि सगळे जसेच्या तसे जुळवता यावे म्हणून प्रत्येक टप्प्यावर मोबाइलमध्ये फोटोही काढून ठेवले. बॉनेट बंद करून गाडी सुरू केली, तर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला आणि गाडी पिकअप घेईना. सोमवारी आईला डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी पुण्याला न्यायचे होते; चंदनापुरी घाटात गाडी अशीच बसली तर काय करायचे, या काळजीने मी दुपारीच जवळच्या गॅरेजात गेलो. आधी घरी पुन्हा एकदा बॉनेट उघडायला हवे होते. कपलर बसवल्याची मला इतकी खात्री होती की त्या बाजूला मी पाहिलेच नाही.

गॅरेजमालकाने स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला. दोन कोड आले : पी०१०२ आणि पी०११३. पहिला सांगतो की हवेच्या प्रमाणाचा सिग्नल फार कमी येतो आहे आणि दुसरा सांगतो की आत येणाऱ्या हवेच्या तापमानाचा सिग्नल फार वर गेला आहे. ते दोन्ही सिग्नल माझ्या गाडीत एकाच सेन्सरमधून, एकाच कपलरमधून जातात. घरी काय काम केले ते मी प्रामाणिकपणे सांगितले होते, आणि तेच त्याने माझ्याविरुद्ध वापरले. "काका, बॅटरीची वायर न काढता कपलर काढलात ना? शॉर्ट झालंय. दोन सेन्सर एकदम जात नसतात, ईसीएम उडालाय," असे तो म्हणाला. माझ्या चुकीमुळे गाडीचे नुकसान झाले, ही गोष्ट एकदा मनात बसल्यावर मी एकही प्रश्न विचारला नाही. गुन्हेगारासारखा मान खाली घालून उभा राहिलो.

ज्या क्षणाचा मला आजही सर्वाधिक त्रास होतो, तो यानंतरचा. त्याने स्कॅनरवर चालू आकडे उघडले आणि पडदा माझ्याकडे वळवला. हवेचे तापमान : उणे ४० अंश. नाशिकचा मे महिना, दुपारचे दोन वाजलेले, वरती तापलेला पत्रा, माझ्या शर्टाची पाठ घामाने भिजलेली, आणि गाडीचा संगणक सांगतो आहे की इंजिनात उणे ४० अंशांची हवा जाते आहे. मी तो आकडा वाचला. मोठ्याने वाचला. तापमानाचा सेन्सर थंडीत विजेला जास्त विरोध करतो आणि तार तुटलेली किंवा कपलर सुटलेला असला की तो विरोध अमर्याद होतो, म्हणून संगणकाला ती टोकाची थंडी वाटते, एवढे विज्ञान मी शाळेपासून जाणतो. जळलेल्या ईसीएमच्या आधी सुटलेल्या कपलरवर संशय घ्यायला तो एक आकडा पुरेसा होता. निदान "आधी कपलर बघा" एवढे तरी मी म्हणायला हवे होते. ते मी म्हटले नाही, आणि तो आकडा त्यालाही दिसत होता.

हिशेब असा झाला : स्कॅनिंग ६००, मॅफ सेन्सर ६,८००, ईसीएम २४,५००, कोडिंग (नवा ईसीएम गाडीशी जुळवणे) ३,५००, मजुरी २,२००. १५,००० रुपये यूपीआयने आगाऊ दिले. उरलेले २२,६०० रोख दिले, कारण पक्के बिल हवे असेल तर वर जीएसटी लागेल, असे त्याने सांगितले. हाती आला तो गॅरेजचे नावही नसलेला वहीचा कागद. पक्क्या बिलाशिवाय एक रुपयाही देऊ नका, मग कितीही घाई असो. काढलेला जुना भाग मागून घ्या. तो द्यायला का-कू झाली, तर तिथेच थांबा. मी मागितला नाही. आईला घेऊन पुण्याला बसने जावे लागले आणि गाडी मंगळवारी मिळाली.

जूनमध्ये वायपरचे पाणी भरताना ईसीएमवरच्या पांढऱ्या स्टिकरचा दुमडलेला कोपरा दिसला आणि हा कोपरा आपण आधी पाहिला आहे, असे वाटले. मोबाइलमधले फोटो काढले. तोच स्टिकर, तोच क्रमांक, त्यावर माझ्याच बोटाचा ग्रीसचा डाग. सेन्सरच्या डोक्यावर माझा स्क्रूड्रायव्हर घसरून पडलेला ओरखडाही तसाच होता. बॉनेट बंद करण्यापूर्वीचा शेवटचा फोटो मोठा करून पाहिला, तर करडा कपलर अर्धाच आत गेलेला आणि त्याचे लॉक वर राहिलेले स्पष्ट दिसते. खात्रीसाठी मी तो कपलर काढून गाडी सुरू केली. १,१०० रुपयांच्या ब्लूटूथ स्कॅनरवर तेच दोन कोड आले. एवढ्या पैशांत हे यंत्र मिळते, मोबाइलशी जोडते. आपल्याकडे बीएस-४ या प्रदूषण-निकषाच्या गाड्यांना एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२, म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड नोंदवण्याची व्यवस्था, बंधनकारक झाल्यामुळे त्यानंतरच्या अशा गाड्यांत सोळा पिनांचे सॉकेट असतेच. पी० ने सुरू होणाऱ्या कोडचा अर्थ सर्व कंपन्यांत सारखा असतो. कोड फक्त कोणत्या सर्किटचा आकडा चुकला ते सांगतो, कोणता भाग मेला ते सांगत नाही.

मालकाला विचारले, तर "बाहेरचं कव्हर जुनंच ठेवतो, आतला बोर्ड बदललाय" असे उत्तर आले. सेन्सरच्या ओरखड्याबद्दल विचारल्यावर त्याने फोन ठेवला आणि पुन्हा उचलला नाही.

पोलीस ठाण्यात मला दीड तास बाकावर बसवले आणि पहिला प्रश्न विचारला, तो "गाडी तुम्हीच उघडली होती ना?" असा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणुकीचा गुन्हा स्वच्छ शब्दांत लिहिलेला असताना मला ही दिवाणी बाब असल्याचे ऐकवण्यात आले. अर्जाच्या प्रतीवर शिक्का मिळवायला तीन खेपा घातल्या. वाहनांच्या कार्यालयाने गॅरेज आपल्याकडे येत नाही म्हटले, तर परवान्यांच्या कार्यालयाने आम्ही दुकान पाहतो, काम पाहत नाही म्हटले. एका टेबलावरच्या गृहस्थांनी तर कागद न वाचताच बिल मागितले आणि बिल नाही म्हणताच फाइल माझ्याकडे सरकवली. फसवणारा बिल देत नाही, म्हणूनच तर तो फसवणारा असतो. हे यांना कोणी सांगायचे? मी कर भरतो आणि रांगेत उभा राहतो, तरी प्रत्येक खिडकीवर चूक माझीच ठरली.

ज्यांच्यावर अशी वेळ आली आहे, त्यांनी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जावे. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, वकील सक्तीचा नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. स्कॅनरचा पडदा कोड पुसण्याआधीच मोबाइलमध्ये टिपून ठेवा; माझ्याकडे उणे ४० चा फोटो नाही. आणि काम घरी केले असेल, तर ज्या ज्या कपलरला हात लावला, तो टिक् आवाज येईपर्यंत दाबा आणि ओढून पाहा.

मी तक्रार दाखल केली आहे. सोबत यूपीआयची नोंद, वहीचा कागद आणि अकरा फोटो जोडले आहेत. अर्धवट बसलेल्या कपलरचा फोटोही त्यांत आहे. तो वगळावा असे घरच्यांचे म्हणणे होते, मी वगळला नाही.