एफेक्स ट्विनच्या तबकड्या : आठ महिन्यांनंतर

इंग्लंडमधील कॉर्नवॉलमध्ये वाढलेला इलेक्ट्रॉनिक संगीतकार रिचर्ड डी. जेम्स, म्हणजेच एफेक्स ट्विन, याच्या तबकड्या मी गेले आठ महिने जमवत आणि वाजवत आहे. विनाइलचा, म्हणजे अशा तबकड्यांचा, आवाज सरसकट सरस असतो हा माझा समज पहिल्याच महिन्यात गळून पडला.

‘सिलेक्टेड अ‍ॅम्बियंट वर्क्स, व्हॉल्यूम २’ हा १९९४ चा तीन तबकड्यांचा संच याला कारणीभूत ठरला. एकेका बाजूवर सरासरी पंचवीस मिनिटांहून अधिक संगीत बसवायचे, तर खाचा अरुंद आणि आवाजाची पातळी कमी ठेवावी लागते; त्यात हे संगीत मुळातच मंद असल्याने धुळीची किरकोळ खरखरही ठळक ऐकू येते. ‘जवळजवळ नवी’ म्हणून विकत घेतलेली माझी प्रत दिव्याखाली तिरपी धरली तेव्हा केसासारखा एक ओरखडा दिसला. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या गतीने त्याचा ‘टक्’ दर १.८ सेकंदांनी परततो आणि ज्या रचनेला तालच नाही तिला ताल बहाल करतो. विक्रेत्याचे म्हणणे असे, की प्रत वाजवून नव्हे, नुसती पाहून प्रतवारी केली होती!

तरीही ती मी परत केली नाही. चाहते ‘स्टोन इन फोकस’ म्हणून ओळखतात ती रचना तेव्हाच्या सीडीवर नव्हती. ती तबकडीवर आणि कॅसेटवर होती. शिवाय एक ‘ब्लू कॅल्क्स’ सोडली तर कोणत्याच रचनेला शब्दांत नाव नाही, केवळ छायाचित्रे आहेत, आणि कोणती रचना किती लांबीची हे वेष्टनावरच्या वर्तुळाच्या फाकींवरून ताडावे लागते. बारा इंची वेष्टन मांडीवर घेऊन हा उद्योग करण्यात जी मजा आहे, ती सीडीच्या चिमुकल्या पुस्तिकेत नाही. २०२४ ची विस्तारित आवृत्ती चार तबकड्यांची आहे. ऐकण्यासाठी आता मी तीच लावतो.

‘अ‍ॅनालॉर्ड’चा अनुभव अगदी उलट आहे. जेम्सने सहसंस्थापक म्हणून उभ्या केलेल्या रेफ्लेक्स या ध्वनिमुद्रिका कंपनीने २००५ मध्ये काढलेल्या या अकरा तबकड्यांवर मोजक्याच रचना असून ड्रम मशीनचे ठोके इतके दणदणीत आहेत, की माझ्या वापरलेल्या प्रतींमधले बारीकसारीक दोष त्यांत सहज बुडून जातात. तक्रार एकच, दर दहा-बारा मिनिटांनी उठून बाजू पालटावी लागते. सगळे अकरा भाग अजून जमलेले नाहीत, आणि उरलेल्यांसाठी मी आधी वाजवून दाखवायला सांगतो.