झेनर अर्ध्या वॉटचाच मागा

ठाण्याला नौपाड्यात गोखले रोडवरून आत वळलं की एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली इलेक्ट्रॉनिक पार्ट्सचं हे दुकान आहे. पाटी इतकी पुसट झालीय की पहिल्यांदा गेले तेव्हा शेजारच्या पोळी-भाजी केंद्रात विचारावं लागलं. आत दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की तिसऱ्याने रस्त्यावर थांबायचं. भिंतभर छोटे खण, त्यांवर मालक काकांच्या बारीक अक्षरातल्या चिठ्ठ्या.

मी कळव्याला राहते. १९९७ साली इंडस्ट्रियल इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, वागळे इस्टेटमध्ये सात वर्षं स्टॅबिलायझरची टेस्टिंग केली, मग सोल्डरिंग आयर्न माळ्यावर गेलं ते गेलंच. यंदा भाच्याच्या प्रोजेक्टमुळे ते खाली आलं. सोसायटीच्या टाकीतल्या पाण्याची पातळी दाखवायची, तीही ॲटमेगा१६ ही मायक्रोकंट्रोलर चिप वापरून. चिपमध्ये प्रोग्रॅम भरायला प्रोग्रॅमर नावाचं छोटं यंत्र हवं. तयार यूएसबीएएसपी (यूएसबीला लावायचा प्रोग्रॅमर) ऑनलाइन दोन-अडीचशेत येतो, तोच मागवू असं भाचा म्हणत होता. मीच अडून बसले, आपण बनवायचा. (सगळं मिळून खर्च चारशेच्या वर गेला. हे त्याला अजून सांगितलेलं नाही.)

यूएसबीएएसपी तयार करणाऱ्या थॉमस फिशल यांनी त्याचं सर्किट सगळ्यांसाठी खुलं ठेवलंय आणि पार्ट्सची यादी लहानच आहे. एक ॲटमेगा८ (ही प्रोग्रॅमरची स्वतःची चिप), १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल (चिपला वेळेचे ठोके देणारा), २२ पिकोफॅरॅडचे दोन कपॅसिटर, ६८ ओहमचे दोन रेझिस्टर, २.२ किलोओहमचा एक, ३.६ व्होल्टचे दोन झेनर (व्होल्टेज ठराविक पातळीवर रोखणारे डायोड) आणि किरकोळ. गंमत अशी की ॲटमेगा८ मध्ये यूएसबी नाहीच. आतलं फर्मवेअर, म्हणजे चिपमध्ये भरलेला प्रोग्रॅम, पिना वरखाली करून यूएसबीचं सोंग वठवतं. सोंग म्हटल्यावर वेळ अचूक हवी आणि सिग्नलही स्वच्छ हवा, आणि माझं घोडं पुढे नेमकं या दोन्हींवर अडलं.

काउंटरवरच्या मुलाने दहा मिनिटांत सगळं काढून पुड्या बांधल्या. प्रोग्रॅमर बनवायलाही आधी प्रोग्रॅमर लागतो, म्हणजे कपाटाची किल्ली कपाटातच. पण इथे तीस रुपयांत फर्मवेअर भरून देतात. ही सोय मला फार आवडली, त्या एका कामासाठी दुसऱ्याचा आर्डुइनो बोर्ड मागत फिरायला नको.

घरी झीरो पीसीबीवर (नुसत्या भोकांच्या बोर्डावर) जोडणी केली आणि रात्री लॅपटॉपला लावलं. ‘यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड’. हा मेसेज वाटतो तितका वाईट नसतो. २.२ किलोओहमचा रेझिस्टर यूएसबीच्या दोन डेटा तारांपैकी डी मायनसची तार वर खेचतो, त्यावरून कुणीतरी आलंय एवढं लॅपटॉपला कळलेलं असतं. बोलणं मात्र होत नसतं. तीन संध्याकाळी मी ड्राय सोल्डर (नीट न धरलेले जोड) शोधत बसले. केबलची हिरवी तार डी प्लसला आणि पांढरी डी मायनसला आहे ना, पाहिलं. ८ आणि २२ या दोन्ही पिना ग्राउंडला आहेत का, विसाव्या पिनेवर पाच व्होल्ट येतात का, तेही पाहिलं. क्रिस्टलसुद्धा बदलला. भाचा शेजारी बसून तयार प्रोग्रॅमरच्या डिलिव्हरीच्या तारखा वाचून दाखवत होता.

शनिवारी बोर्ड श्रीखंडाच्या डब्यात घालून दुकानात नेला. या वेळी काका स्वतः होते. त्यांनी बोर्डाला हातही लावला नाही, आधी विचारलं, “ताई, हे कशासाठी बनवताय? चिप कुणी भरली?” मग बेसमधून आयसी उपसून आपल्या प्रोग्रॅमरच्या झिफ सॉकेटमध्ये बसवला आणि फ्यूज बिट (चिपने कोणत्या क्लॉकवर चालायचं वगैरे ठरवणारी सेटिंग) वाचले. लो फ्यूज ई१, हाय फ्यूज डी९. कारखान्यातून येतात तसेच. म्हणजे फर्मवेअर भरलं होतं, पण फ्यूज बदललेच नव्हते. चिप आपल्या आतल्या १ मेगाहर्ट्झवर रांगत होती आणि मी बदललेला तो क्रिस्टल नुसता शोभेला उभा होता. काकांनी ईएफ आणि सी९ भरले. पैसे घेतले नाहीत.

लावलं. तोच मेसेज.

इथे बहुतेक दुकानदार म्हणाले असते की तुमच्या जोडणीतच काहीतरी आहे. काकांनी स्टूल पुढे सरकवलं, मीटर हातात दिला आणि डी मायनसवर किती व्होल्ट दिसतात ते मलाच मोजायला लावलं. २.३ आले. “कमी आहेत. झेनर बघू.” खणातून दुसरा झेनर काढून माझ्या झेनरशेजारी ठेवला. माझा गव्हाच्या दाण्याएवढा, त्यांचा कोलम तांदळाएवढा. दोन्ही ३.६ व्होल्टचेच, पण माझे एक वॉटचे होते आणि हवे होते अर्ध्या वॉटचे.

एवढ्याने काय बिघडतं, असं मलाही वाटलं होतं. एक वॉटच्या झेनरचे ३.६ व्होल्ट भरपूर करंट असताना मोजलेले असतात, १एन४७२९ए ला तर ६९ मिलिअँपला. या सर्किटमध्ये त्याच्या वाट्याला जेमतेम मिलिअँपभर येतो आणि तेवढ्यावर तो व्होल्टेज खूप खालीच धरून ठेवतो. यूएसबीला तिथे २.८ ते ३.६ लागतात. शिवाय मोठ्या झेनरचं कपॅसिटन्सही जास्त. सेकंदाला १५ लाख बिट धावणाऱ्या तारेवर ते लावलं की सिग्नलच्या कडा बोथट होतात. अर्ध्या वॉटचे दोन लावले, मीटरवर २.९ आले आणि काकांच्या जुन्या लिनक्स पीसीवर यूएसबीएएसपी हे नाव उमटलं. (विंडोजवर झॅडिग या सॉफ्टवेअरने ड्रायव्हर टाकावा लागतो, तो घरी टाकला.)

काकांनी मग काउंटरवरच्या मुलाला चार गिऱ्हाइकांसमोर झापलं, ते मला आवडलं नाही. झेनरच्या बाबतीत अर्धी चूक माझीच. मी व्होल्ट सांगितले, वॉट सांगितलेच नाहीत. रेटिंगमधला एक तारा कापलाय तो फ्यूजसाठी. तीस रुपये घेऊन चिप भरून देता, तर फ्यूज तपासूनच द्यायला हवी. वीसेक वर्षं हातात आयर्न न धरलेल्या बाईने ते शोधायचं कुठून?

पुढचा घोटाळा सर्वस्वी माझा. घरी ॲटमेगा१६ जोडला तर ‘टार्गेट डझंट आन्सर’. सिरियल पोर्टच्या जुन्या सवयीने मी तारा उलटसुलट जोडल्या होत्या, तिकडचं पाठवणं इकडच्या ऐकण्याला. इथे तसं नसतं. डेटाच्या तारांपैकी मोसी मोसीलाच आणि मिसो मिसोलाच. भाच्याने फोटो बघून दोन मिनिटांत सांगितलं, “मावशी, क्रॉस केलंयस.” तरीही चिप गप्पच. नवी ॲटमेगा१६ सुद्धा १ मेगाहर्ट्झवर चालते आणि प्रोग्रॅमरचा क्लॉक तिच्या पावपटीहून कमी लागतो, म्हणजे २५० किलोहर्ट्झच्या खाली. यूएसबीएएसपी नेहमी ३७५ किलोहर्ट्झने बोलतो. हळू चालवायचा जंपर लावला की तो ८ किलोहर्ट्झवर येतो. लावला, आणि स्क्रीनवर १ई ९४ ०३ ही चिपची ओळख सांगणारी सही आली. भाच्याने त्याचा स्टेटस ठेवला.

दुकानाबद्दल राहिलेलं. दुपारी दोन ते चार बंद, रविवारी बंद. स्कूटर गावदेवीपाशी लावून चालत या, गल्लीत जागा नाही. आयसी परत घेत नाहीत. तयार मॉड्यूल ऑनलाइनपेक्षा महागच आहेत आणि एसएमडीचा (बोर्डावर सपाट बसणाऱ्या बारीक पार्ट्सचा) माल जवळजवळ नाहीच. पण ८९सी५१ सारख्या जुन्या चिपा मिळतात, आणि पाच रुपयांच्या झेनरसाठी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं, मग लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात घामाघूम व्हायचं, हे वाचतं. जमलं तर काका असताना जा. मुलगाच असेल तर काय बनवताय ते न विचारताच सांगा.

एक वॉटचे ते दोन झेनर काकांनी परत घेतले नाहीत. “ठेवा ताई, पॉवर सप्लायमध्ये लागतील.” पुडीवर मी मार्करने ‘यूएसबीला नाही’ असं लिहून ठेवलंय.