पाच दात्यांचा भाला: भीमा आणि सीनेवर वापरून पाहिल्यानंतर

मासे मारण्यासाठी ऑनलाइन मिळणारे पोलादी भाल्याचे टोक मी गेल्या हिवाळ्यात साडेसहाशे रुपयांना मागवले आणि सोलापूर जिल्ह्यात भीमा व सीना या दोन नद्यांच्या उथळ पाण्यात वापरले. खोक्यात फक्त पाच दात्यांचे टोक आणि दोन स्क्रू येतात. दांडा आपला आपणच बसवायचा असल्याने मी बुरुडाकडून आठ फुटी, भरीव आणि सरळ बांबू आणला. टोकाच्या नळीत तो नीट बसला, पण सोबतचे स्क्रू इतके आखूड आहेत की दोन-चार फटक्यांत टोक डुगडुगू लागते. लांब स्क्रू घेऊन ते आरपार बसवल्यावर ही तक्रार उरली नाही.

दात्यांची धार उत्तम आहे. चिलापीसारख्या पाव-अर्धा किलोच्या माशात ते सहज शिरतात आणि प्रत्येकाला उलटा काटा असल्याने मासा निसटत नाही. पाण्यातला मासा आहे त्यापेक्षा वर दिसत असल्याने तिरप्या फटक्यात नेम त्याच्या खाली धरावा लागतो, मात्र माशाच्या अगदी डोक्यावरून सरळ खाली मारताना ही कसरत करावी लागत नाही. मोठा दोष वेल्डिंगचा आहे. ‘सकर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, मत्स्यालयांतून नदीत आलेल्या परदेशी माशाच्या अंगावर हाडासारखे कडक कवच असते. त्यावर फटका बसताच कडेचा एक दाता मुळातून वाकला. गल्लीतल्या वेल्डरने तो सरळ करून जोड पक्का केला. खरे तर हे काम कारखान्यातच व्हायला हवे होते.

वापराचे दिवस मोजकेच असतात, हे घेणाऱ्याने आधी समजून घ्यावे. पावसाळ्यात दोन्ही नद्या गढूळ असतात. उजनीच्या जलाशयात पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी येत असल्याने पाणी बराच काळ हिरवट असते, आणि धरणातून नदीत आवर्तन सोडल्यावर तर पात्रात उतरणेच धोक्याचे ठरते. हिवाळ्यात आवर्तन नसताना, कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या खालच्या खडकाळ, गुडघाभर पाण्यात काय ते दिसते. अमेरिकेत मिसुरी राज्यातील ओझार्क भागात थंडीच्या दिवसांत रात्री होडीत दिवे लावून अशीच शिकार चालते, ती याच कारणाने, कारण तेव्हा तिथल्या नद्या नितळ असतात. तिथे भाल्याने कोणत्या जाती मारायच्या हे कायद्याने ठरवून दिले आहे, आणि बास, ट्राउट यांसारखे गळासाठी राखलेले मासे त्यात येत नाहीत. आपल्याकडे मिळणाऱ्या या खोक्यावर मात्र सुरक्षिततेच्या एका ओळीपलीकडे काहीही लिहिलेले नाही.

हीच माझी मुख्य तक्रार आहे. बारीक आसाच्या जाळ्यात बोटभर पिलेही सरसकट येतात, तर भाल्याने मारणारा आधी मासा पाहतो आणि मग हात उचलतो. निवड करू देणारे इतके साधे साधन दुसरे क्वचितच असेल. पण गळाला लागलेला मासा सोडता येतो, भाल्याचा नाही. उलट्या काट्यांतून काढलेला मासा पाण्यात टाकला तरी तो मरणारच. म्हणून जात आणि आकार ओळखू येत नसेल, तर फटका मारूच नये. रात्री बॅटरीच्या उजेडात कासवाची पाठही खडकासारखी दिसते, आणि कासवांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षण आहे.

यात सर्वाधिक जपायला हवा तो मरळ. हा मासा हवा घेण्यासाठी वारंवार पृष्ठभागावर येतो, त्यामुळे भालेवाल्याला तो अगदी हातात सापडतो. पावसाळ्याच्या सुमारास त्याची तांबूस पिले एकत्र घोळक्याने फिरतात आणि आई-बाप खालून राखण करतात. अशा वेळी मोठा मासा उचलला की पिले इतर माशांच्या तोंडी जातात, म्हणजे एका फटक्यात सारी वीण संपते. पहिल्या पुरात ओढ्यांतून वर येणाऱ्या चढणीच्या माशांचेही तसेच. ते अंडी घालण्यासाठीच निघालेले असतात, आणि उथळ पाण्यात त्यांना टिपण्यात कौशल्य कसले? रोहू, कटला, मृगळ यांना विणीसाठी वाहते पाणी लागते, साचलेल्या तळ्यात ते वीत नाहीत. त्यामुळे पोटात गाभोळी असलेली मादी मारणे नदीला परवडणारे नाही. सुरुंग आणि विष यांनी मासे मारण्यास १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यानेच मनाई केली होती. भाला त्या पंगतीत बसत नाही, पण तेवढ्यावरून तो निर्धोक ठरत नाही.

मी स्वतः चिलापी आणि सकर यांवरच भाला चालवतो. मोझांबिकची चिलापी १९५२ मध्ये भारतात आणली गेली आणि ती इथे भराभर वाढते. सकर तर जाळी फाडतो आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही, म्हणून तो सापडला की पुन्हा पाण्यात सोडू नये. चिलापीबाबत मात्र एक भान हवे. उजनीच्या मच्छीमारांच्या कमाईत तिचा वाटा मोठा आहे आणि जलाशय, तलाव तसेच नदीचे काही टप्पे मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. तिथे त्यांना विचारल्याशिवाय उतरू नये, आणि परवान्याची चौकशी मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात आधी करावी.

वस्तूपुरते बोलायचे तर पाचपैकी तीन गुण. धार आणि वजन चांगले आहे, वेल्डिंग व स्क्रू निकृष्ट आहेत. विक्रेत्याने खोक्यावर पिलांच्या घोळक्यावर राखण करणाऱ्या मरळाचे चित्र छापून त्याखाली ‘याला मारू नका’ एवढे लिहिले, तर चौथा गुण मी आनंदाने देईन. सध्या त्या जागी दात्यांत अडकलेल्या एका भल्या मोठ्या मरळाचाच फोटो आहे.